चौथी वही आणू नकोस

वाचक विचारतात:

ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), मग इकडे येऊन लायसन्स, आणि आता बरीच वर्षं इलिनॉयमधल्या एका इनपेशंट रिहॅब हॉस्पिटलात. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एनसीएसची (मेंदू-मज्जासंस्थेच्या फिजिओथेरपीतल्या स्पेशलिस्टची) परीक्षा देतेय. अर्ज मंजूर झालाय. रोज रात्री मुलगा झोपला की दोन तास वाचते, तीन वह्या भरून नोट्स काढल्यात. तरी सराव प्रश्नांत शंभरात पंचावन्नच्या पुढे गाडी सरकत नाही. चारांतले दोन पर्याय पटकन उडवते आणि उरलेल्या दोनांतला नेमका चुकीचा धरते. स्पायनल ट्रॅक्ट्स (मज्जारज्जूतले मार्ग) सगळे पाठ आहेत, पण चक्करेचा प्रश्न आला की पोटात गोळा येतो, कारण आमच्याकडे तसे पेशंट येतच नाहीत. नवरा म्हणतो, पगार वाढणार नसेल तर हा खटाटोप कशासाठी? नोकरीवर कुणालाच सांगितलेलं नाही. नापास झाले तर? पुढच्या वर्षावर ढकलू का? आणि माझी पुण्यातली मैत्रीण एमपीटीएच न्यूरो आहे, तिला तिथून ही परीक्षा देता येईल का?
– वह्यांत बुडालेली, नेपरव्हिल

प्रिय मैत्रिणी,

ताई म्हटलंस, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवते. आधी सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर: ढकलू नकोस. हातात अजून काही महिने आहेत, पैसे भरून झालेत, आणि तुझी अडचण वाचन कमी पडण्याची नाहीच. फक्त चौथी वही आणू नकोस.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्या वाचकांसाठी दोन शब्द. एनसीएस म्हणजे न्यूरोलॉजिक क्लिनिकल स्पेशलिस्ट. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेनं, एपीटीएनं, १९७८ मध्ये स्पेशलिस्ट ठरवणारं बोर्ड उभं केलं आणि न्यूरोची पहिली परीक्षा १९८७ मध्ये झाली. बसायचं तर अमेरिकेतलं लायसन्स लागतं. शिवाय गेल्या १० वर्षांत न्यूरो पेशंटांवर प्रत्यक्ष काम केलेले २,००० तास, त्यातले निदान पाव शेवटच्या ३ वर्षांतले. नाहीतर मान्यताप्राप्त न्यूरो रेसिडेन्सी (पदवीनंतरचं प्रशिक्षण). परीक्षा वर्षातून एकदाच, कॉम्प्युटरवर. सुमारे २०० प्रश्न, पन्नास-पन्नासचे चार भाग, प्रत्येक भागाला ९० मिनिटं.

आता तुझ्या वह्या. तीन भरल्यास यात नवल काही नाही, आपण वाढलोच तशा. विद्यापीठाच्या पेपरात एलएक्यू (मोठ्या उत्तराचा प्रश्न) आला की चार पानं, रंगीत पेन्सिलींनी आकृती, वर पुरवणी. व्हायवाला एक्सटर्नल समोर बसला की आठवेल ते ओतायचं. आपण थांबलो की तो पुढचा प्रश्न काढणार, म्हणून थांबायचंच नाही. त्या शिक्षणाला मी नावं ठेवणार नाही. झोपेतून उठवलं तरी डर्मॅटोम (त्वचेचा कुठला भाग कुठल्या नसेचा) सांगता येतात ते त्याच्याच जिवावर. पण इथे तुला काय काय येतं हे विचारतच नाहीत. समोर एक पेशंट ठेवतात: वय, आजार होऊन किती दिवस झाले, चालण्याचा वेग, घरी पायऱ्या किती, त्याला स्वतःला काय हवंय. मग विचारतात, आता काय करशील? आणि चारही पर्याय कुठे ना कुठे, कुणी ना कुणी रोज करत असतं असेच असतात. मेडियल लेम्निस्कस (मेंदूकडे जाणारी संवेदनांची एक वाट) कुठे क्रॉस होतो हे पाठ असणं इथे लागतं, पण त्याच्यावर मार्क मिळत नाहीत. मार्क त्याच्या पुढच्या पायरीवर असतात.

म्हणून तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मला तेच वाटलं, दोन पर्याय उरतात आणि चुकीचा धरते. दोन उडवता येतात म्हणजे अभ्यास झालेला आहे. उरलेल्या दोनांत निवडता येत नाही, ते ज्ञानाचं नव्हे, निर्णयाचं काम आहे, आणि ते वहीत होत नाही.

एक प्रश्न मीच रचते, तो नीट बघू. ५८ वर्षांचा माणूस, स्ट्रोकला ९ महिने झालेत. एएफओ (घोट्याला आधार देणारा स्प्लिंट) घालून स्वतःचा स्वतः चालतो, वेग सेकंदाला ०.५ मीटर. हृदयाची तपासणी झालेली आहे, व्यायामाला हरकत नाही. त्याला घरापासून भाजीच्या दुकानापर्यंत चालत जायचंय. कशावर भर द्याल? पहिला पर्याय, वजन उचलून धरणारा हार्नेस लावून ट्रेडमिलवर थेरपिस्टनं पाय हातानं नीट टाकून घेणं. दुसरा, ट्रेडमिलवर आणि जमिनीवर भरपूर चालवणं, नाडी हार्ट रेट रिझर्व्हच्या (कमाल आणि विश्रांतीच्या नाडीतल्या फरकाच्या) ६० ते ८० टक्क्यांत ठेवून. तिसरा, उभं राहून दोन्ही पायांवर वजन टाकण्याचा सराव. चौथा, रोबोटिक यंत्रात चालवणं.

तिसरा आणि चौथा तू उडवशील. उरले पहिला आणि दुसरा, आणि तुझा हात पहिल्याकडे जाईल. का? कारण तुमच्या मजल्यावर तो हार्नेस आहे, रोज वापरता, आणि चाल 'चांगली दिसणं' हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. गुडघा मागे जातोय, पाय घासतोय, आणि याला आणखी जोरात चालवायचं? जीव धजावत नाही. पण २०२० मध्ये आलेली चालण्याबद्दलची गाइडलाइन नेमकं हेच सांगते. स्ट्रोक, मज्जारज्जूची अर्धवट (इन्कम्प्लीट) दुखापत किंवा मेंदूची दुखापत होऊन ६ महिन्यांच्या वर झालेत, पेशंट चालू शकतो आणि त्याला वेग किंवा अंतर वाढवायचंय, तर मध्यम ते जास्त तीव्रतेचं चालणं द्या. चाल सुधारण्यावर भर देणारं हार्नेस ट्रेनिंग, रोबोट आणि नुसता उभ्यानं केलेला बॅलन्स, यांनी वेग-अंतर वाढेल अशी अपेक्षा धरू नका. उत्तर दुसरं.

आता त्याच प्रश्नातला एकच आकडा बदल. ९ महिन्यांच्या जागी ९ दिवस कर. माणूस तोच, ध्येय तेच, पण ती गाइडलाइन आता त्याला थेट लागू होत नाही, कारण ती ६ महिन्यांनंतरच्या पेशंटांसाठी लिहिलेली आहे. ज्यानं नुसतं 'हाय इंटेन्सिटी बरोबर, रोबोट चूक' असं वहीत लिहून पाठ केलं तो इथे डोळे झाकून आपटतो. प्रश्न लिहिणाऱ्यानं तो आकडा उगीच टाकलेला नसतो. वय, दिवस, वेग, ध्येय यांपैकी काय बदललं असतं तर माझं उत्तर बदललं असतं, हे प्रत्येक सराव प्रश्नानंतर स्वतःला विचार. बरोबर आलेल्या प्रश्नांनंतरसुद्धा. किंबहुना त्यांच्यानंतर जास्त.

दोन पर्यायांत अडकण्याची दुसरी जागा म्हणजे 'आधी काय'. मज्जारज्जूला टी४ (छातीचा चौथा मणका) पातळीवर जुनी दुखापत असलेला पेशंट मॅटवर आहे. अचानक डोकं ठणकायला लागतं, मानेवर घाम, चेहरा लाल, वरचं ब्लडप्रेशर एरवी ९६ असतं ते १४० झालंय. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया (दुखापतीखालच्या एखाद्या त्रासानं ब्लडप्रेशर अचानक उसळणं), हे तुला क्षणात कळेल. टी६ आणि त्याच्या वरच्या दुखापतीत तो होतो. पर्यायांत 'कॅथेटर मुडपलाय का पाहा' असेल आणि 'पेशंटला बसतं करा' हेही असेल. दोन्ही करायचंच आहे. पण कारण शोधायला लागण्याआधी त्याला उठवून बसवायचं, कारण बसल्यावर प्रेशर थोडं खाली येतं. पाठोपाठ पट्टा, बाइंडर, बूट सैल करायचे आणि मूत्राशयापासून शोध सुरू करायचा. प्रश्नात 'सर्वप्रथम' असा एखादा शब्द दिसला की चार पर्यायांतलं खरं-खोटं शोधत बसू नकोस, क्रम लाव.

तिसरी जागा इनपेशंटवाल्यांची खास, आणि हे मी रेसिडेंटांमध्ये पुन्हा पुन्हा पाहते. तुमच्याकडे सगळी धाव डिस्चार्जच्या तारखेमागे. पेशंट दोन-तीन आठवड्यांत घरी जाणार, तेव्हा पडू नये, घरच्यांना उचलता यावा, ट्रान्सफर सुरक्षित व्हावं. म्हणून उरलेल्या दोन पर्यायांत जो जास्त 'सेफ' वाटतो तो तुम्ही धरता. कधी तो बरोबरही असतो. सी६ एआयएस ए (मानेतल्या सहाव्या पातळीची पूर्ण दुखापत; एआयएस म्हणजे दुखापत किती पूर्ण ते सांगणारी ए ते ई श्रेणी) घे: ट्रायसेप्स (कोपर सरळ करणारा स्नायू) येणार नाही हे धरून चालायचं, खांदा बाहेर फिरवून कोपर लॉक करून ट्रान्सफर शिकवायची, आणि बोटांचे लांब फ्लेक्सर (मिटवणारे स्नायू) जाणूनबुजून थोडे आखडू द्यायचे. मनगट वर केलं की बोटं आपोआप मिटतात, त्या पकडीवर त्याचा पेला, ब्रश, शर्टाची चेन सगळं अवलंबून. एखाद्या हौशी विद्यार्थ्यानं मनगट आणि बोटं एकाच वेळी मागे ताणली की ती पकड गेली. इथे भरपाईचाच रस्ता योग्य. पण तोच न्याय लावून तू तीन आठवड्यांपूर्वीच्या एआयएस डी ला व्हीलचेअरच्या कसरती देत बसलीस तर चुकलं. तिथे पायांवर काम हवं. पेशंटचं भाकीत काय आहे हे ठरवल्याशिवाय उपचाराच्या पर्यायांकडे बघूच नकोस. एआयएस सी आणि डी मधला फरक (दुखापतीच्या पातळीखालच्या 'की मसल्स', म्हणजे तपासायच्या ठरावीक स्नायूंपैकी, निम्मे किंवा जास्त ताकदीच्या ग्रेड ३ च्या वर आहेत की नाहीत, ग्रेड ३ धरून) नुसता व्याख्या म्हणून नको, कागदावर चार-पाच काल्पनिक पेशंटांचे आकडे मांडून स्वतः ठरव. हे तुला येईल, तुझ्याकडे हे पेशंट आहेत.

आणि इथेच तुझी खरी सोय आहे. सकाळी हॉस्पिटलात गेलीस की पहिल्या पेशंटच्या दारात अर्धा मिनिट थांब आणि त्याचा प्रश्न बनव. याला अजून सहा महिने झाले असते तर? याचा बर्ग (तोलाच्या टेस्टचा स्कोअर) ५४ आहे आणि तरी घरी दोनदा पडलाय, तर मी पुढे कुठली टेस्ट घेऊ? बर्ग ५६ पैकी, म्हणजे याला वर जागाच उरली नाही. एफजीए किंवा मिनी-बेस्ट घे, तिथे चालता चालता मान वळवणं, अडथळा ओलांडणं आहे. हा सेकंदाला ०.३५ मीटरनं चालतो, तर घरापुरताच, ०.४ च्या पुढे गेला तर बाहेर थोडंफार, ०.८ च्या पुढे मोकळा. तुझे रोजचे आठ तास असे वापरलेस तर रात्रीच्या दोन तासांची एवढी हाव राहणार नाही.

चुकलेल्या प्रश्नांसाठी एक पातळ वही ठेव, तेवढी माफ. पण तिच्यात माहिती उतरवू नकोस. प्रत्येक चुकीला एकच ओळ: मी जो धरला तो इथे का हरला. 'आकडा वाचला नाही.' 'क्रम चुकवला.' 'आमच्याकडे असंच करतात म्हणून.' महिन्याभरात तुला दिसेल की तीच दोन-तीन वाक्यं पुन्हा पुन्हा येतायत. तिथून पंचावन्न हलायला लागेल.

आता चक्कर. पोटात गोळा येतो म्हणतेस ना, मग पहिले दोन आठवडे त्यालाच दे. स्ट्रोकचा वाटा पेपरात सर्वांत मोठा असतो आणि तो तुझ्या हातचा आहे; त्यावर आणखी वीस तास घालून दोन मार्क वाढतील. व्हेस्टिब्युलरवर (कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) तेच वीस तास घातलेस तर फरक दिसेल. माणसाला जे येतं तेच वाचायला आवडतं, आणि नोट्स काढण्यातलं अर्धं सुख तेच असतं.

हा विषय वाचून येत नाही, डोळे बघून येतो. तुमच्या संस्थेची आउटपेशंट शाखा असेल तर व्हेस्टिब्युलर बघणाऱ्या थेरपिस्टला विचार, दोन-तीन अर्धे दिवस नुसती मागे उभी राहू दे म्हणावं. नसेल तर दुसऱ्या क्लिनिकला फोन कर. लोक हो म्हणतात. घरी नवऱ्याला पलंगावर डिक्स-हॉलपाइक (चक्करेची टेस्ट) करून बघ (मान ठीक आहे ना, ते आधी विचार), म्हणजे ४५ अंश मान वळवून डोकं किंचित खाली लटकतं म्हणजे नेमकं किती, हे हाताला कळेल. त्याच्या डोळ्यांत निस्टॅग्मस (डोळ्यांचं आपोआप उडणं) दिसणार नाही अशी आशा आहे.

मग टेबलं पाठ करण्याऐवजी एकेक पेशंट डोळ्यांसमोर आण. उजवीकडे डिक्स-हॉलपाइक: काही सेकंद काहीच नाही, मग डोळे वरच्या दिशेनं आणि उजव्या कानाकडे फिरत उडायला लागतात, मिनिटाच्या आत ओसरतात. उजव्या कानातला पोस्टिरिअर कॅनाल, त्यातले बारीक खडे मोकळे आहेत, त्याच टेबलावर एपली (खडे जागेवर नेण्यासाठी डोकं ठरावीक क्रमानं फिरवणं). मिनिटाच्या पुढेही चालूच राहिले तर खडे कुप्युलाला (कॅनालमधल्या संवेदनशील पडद्याला) चिकटलेत असं समज. रोल टेस्टमध्ये (निजवून डोकं दोन्ही बाजूंना वळवायचं) दोन्हीकडे जमिनीच्या दिशेनं उडत असतील तर ज्या बाजूला जोर जास्त ती बाजू बिघडलेली. छताच्या दिशेनं उडत असतील तर उलट, ज्या बाजूला जोर कमी ती. हे उलट का होतं ते कॅनालचं चित्र काढून एकदा समजून घे. पुन्हा घोकावं लागणार नाही.

आणि एक गोष्ट परीक्षेपेक्षाही मोठी आहे. काल सकाळपासून सतत गरगरतंय, ओकाऱ्या, चालताना तोल जातोय, असा माणूस. तू झटक्यानं मान फिरवून हेड इम्पल्स केलीस आणि डोळे लक्ष्यावर घट्ट राहिले, एकही करेक्टिव्ह सॅकाड (डोळ्यांची दुरुस्तीची उडी) नाही. टेस्ट नॉर्मल आली म्हणून सुटकेचा श्वास टाकशील. टाकू नकोस. सतत चक्कर चालू असताना हेड इम्पल्स नॉर्मल येणं हे कान नव्हे, मेंदू बिघडल्याचं लक्षण आहे. जोडीला निस्टॅग्मसची दिशा नजरेबरोबर बदलत असेल किंवा डोळे आळीपाळीनं झाकून-उघडताना एक डोळा वर-खाली सरकत असेल, तर तो पेशंट तुझ्या टेबलावर नको, इमर्जन्सीत हवा. हेच उत्तर 'गेझ स्टॅबिलायझेशन (डोकं हलवत नजर स्थिर ठेवायचे व्यायाम) सुरू करा' या लोभस पर्यायाच्या शेजारी बसलेलं असतं.

कानाचाच बिघाड असेल तर डोस लक्षात ठेव, कारण तो विचारण्याजोगा आहे. २०२२ च्या सुधारित गाइडलाइनप्रमाणे नवीन दुखण्यात गेझ स्टॅबिलायझेशन दिवसातून निदान ३ वेळा, एकूण १२ मिनिटं. जुनाट असेल तर दिवसाला निदान २० मिनिटं, ४ ते ६ आठवडे. आणि डोकं स्थिर ठेवून नुसते डोळे हलवायचे व्यायाम त्याच्या जागी देऊ नयेत. तेही पुष्कळ ठिकाणी अजून देतात, म्हणून पर्यायांत येतात.

गाइडलाइनींचा विषय निघालाच आहे तर: न्यूरो पीटीच्या अकॅडमीच्या या गाइडलाइनी फुकट वाचायला मिळतात, आणि महागड्या कोर्सच्या व्हिडिओंपेक्षा मी त्यांना वर ठेवते. कोर्स घेतलास तरी ठीक, पण तो दुसऱ्यानं चावून दिलेला घास आहे. २०१८ ची आउटकम मेजर्सची: बर्ग, एफजीए, एबीसी (तोलाबद्दलच्या आत्मविश्वासाची प्रश्नावली), १० मीटर चालणं, ६ मिनिटं चालणं, पाच वेळा उठबस, हा सहांचा संच कुणासाठी आणि कशासाठी. २०२० ची चालण्याची, जिच्याबद्दल वर लिहिलं. २०२१ ची स्ट्रोकनंतर एएफओ आणि इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशनची. २०२२ ची व्हेस्टिब्युलर. आणि त्याच वर्षीची पार्किन्सनची, ती एपीटीएची आहे. आधी प्रत्येकीचा फक्त शिफारशींचा तक्ता वाच; 'करावं', 'करता येईल' आणि 'करू नये' या तीन पातळ्यांकडे लक्ष दे. मग जिथे तुला आश्चर्य वाटेल तेवढाच भाग आतून वाच. जिथे आश्चर्य वाटत नाही तिथे तुला आधीच येतंय.

स्टॅटिस्टिक्सला घाबरतेस असं पत्रात लिहिलं नाहीस, पण घाबरत असशील, सगळेच घाबरतात. फार नसतं. एमडीसी म्हणजे मोजमापातली चूक ओलांडून खरा बदल झाला का, एमसीआयडी म्हणजे तो बदल पेशंटला जाणवण्याइतका आहे का. सेन्सिटिव्हिटी ०.९० आणि स्पेसिफिसिटी ०.८० असेल तर पॉझिटिव्ह लाइकलीहूड रेशो ०.९० भागिले ०.२०, म्हणजे ४.५, बऱ्यापैकी, पण पक्कं नाही, १० च्या वर असता तर पक्कं. असे दहा हिशेब हातानं कर आणि तो विषय मिटव.

वेळेचं म्हणशील तर रात्रीचे दोन तास सातही दिवस चालवू नकोस. आठ तास पेशंट उचलून, डॉक्युमेंटेशन संपवून, मुलाला झोपवून साडेनऊला बसणारी बाई वाचत नाही, ओळींवरून डोळे फिरवते, आणि मग काहीतरी केल्याचं समाधान हवं म्हणून हायलायटर काढते. आठवड्यातल्या चार रात्री पाऊण तास, फक्त प्रश्न आणि त्यांची चिरफाड. रविवारी सकाळी एक पूर्ण भाग: ५० प्रश्न, ९० मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत, मुलगा बापाबरोबर बागेत. प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या आसपास मिळतात. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याएवढी केस वाचायची सवय त्यात बसवावी लागते. आधी शेवटची ओळ वाच, नेमकं काय विचारलंय ते बघ, मग केस वाच. जानेवारीत दोनदा तरी चारही भाग एका दिवसात देऊन बघ, कारण चौथ्या भागात मेंदू ज्या प्रकारे सोडून देतो ते आधी अनुभवलेलं बरं. चुकीला उणे मार्क नाहीत, तेव्हा कोरं काही सोडायचं नाही.

नोकरीवर सांग. नापास झाले तर काय, म्हणतेस. तर पुढच्या वर्षी पुन्हा बसशील. लायसन्सला धक्का नाही, पेशंट तेच, टेबल तेच. न सांगण्याचं नुकसान मात्र आजच होतंय: तुझ्याच मजल्यावर ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, स्पीच थेरपिस्ट आहे, एखादी एनसीएस झालेली सहकारी असेल, आणि तू एकटी रात्री मुलाच्या खोलीबाहेर बसून हेमीनिग्लेक्ट (एका बाजूचं भानच नसणं) वाचतेयस. सुपरवायझरला सांगितलंस तर आउटपेशंटला जाऊन बघायची परवानगी मागता येईल. फी किंवा कोर्सचे पैसे संस्था देते का हेही विचार. काही संस्था देतात, आणि आपली माणसं मागत नाहीत म्हणून त्यांना मिळत नाहीत.

नवऱ्याचा प्रश्न चुकीचा नाही, त्याला टोमणा समजू नकोस. एनसीएस नसताना तू जे पेशंट बघू शकतेस तेच झाल्यावर बघशील, आणि मेडिकेअर नावापुढची तीन अक्षरं बघून एक डॉलर जास्त देत नाही. म्हणून पगार आपोआप वाढत नाही. काही ठिकाणी थोडा बोनस असतो, बस. शिवाय प्रमाणपत्र १० वर्षांचं असतं आणि मधल्या काळात ते टिकवण्याचं कामही करत राहावं लागतं. पैशासाठीच करायचं असेल तर शनिवारची जादा शिफ्ट जास्त परवडेल, हे मी कुणालाही सांगते. पण रेसिडेन्सीत शिकवायचंय, कॉलेजात न्यूरो शिकवायचंय, अवघड केस आली की लोकांनी तुझ्याकडे यावं असं वाटतंय, तर या प्रमाणपत्रानं दारं उघडतात. तुला यातलं काय हवंय हे पत्रात कुठेच नाही. ते आधी त्याला सांग. नुसतं 'माझं करिअर' म्हटलंस तर तो पगाराचाच आकडा विचारणार. 'मला दोन वर्षांत आउटपेशंट न्यूरोत जायचंय' म्हटलंस तर तो रविवारी मुलाला बागेत नेईल.

आता पुण्याची मैत्रीण. नाही, तिला तिथून बसता येणार नाही. अमेरिकेतलं चालू लायसन्स ही पहिली अट आहे, आणि त्यासाठी पदवीचं मूल्यांकन, एनपीटीई (लायसन्सची परीक्षा) वगैरे सगळा रस्ता आलाच. तो तू चालून आलीस, तूच तिला सांग. पण इकडे यायचंच नसेल तर तिनं या परीक्षेसाठी हळहळू नये. वर सांगितलेल्या गाइडलाइनी पुण्यातही तितक्याच उघडतात. १० मीटर चालायला कॉरिडॉर आणि स्टॉपवॉच पुरतं, एफजीएला जिना आणि बुटाचे दोन खोके. ओपीडीत रांग लागलेली असताना सहाच्या सहा टेस्ट होणार नाहीत हे मला माहीत आहे, तेव्हा तिला म्हणावं, प्रत्येक स्ट्रोक पेशंटचा चालण्याचा वेग तेवढा केसपेपरवर लिहायला लाग, पहिल्या दिवशी आणि दर महिन्याला. आणि तुम्ही दोघी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर एक केस घ्या. तिच्याकडे न्यूरोची मास्टर्स आहे आणि व्हायवाला उभं राहिल्याचा अनुभव आहे. ती 'असंच का?' हे तुला कुठल्याही प्रश्नसंचापेक्षा जास्त छळून विचारेल.

तुझी,
ताई